विश्लेषण : क्वांटम संगणक अजून दूर, मग कुलपे आताच का बदलायची?

क्वांटम संगणकाची बातमी बहुतेक वेळा एका आकड्यावर संपते. अमुक कंपनीने इतक्या क्यूबिटचे यंत्र बनवले, तमुक देशाने त्याहून मोठे. पण सामान्य माणसाचा या यंत्राशी खरा संबंध येतो तो हातातल्या मोबाइलमधल्या कुलपापाशी. आणि तिथे वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

क्यूबिट म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकातला बिट एक तर ० असतो किंवा १. क्यूबिट मोजला जाईपर्यंत दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. दोन क्यूबिटचे वर्णन करायला चार संख्या लागतात, तीनला आठ. प्रत्येक नव्या क्यूबिटमागे हा आकडा दुप्पट होतो. ३०० क्यूबिटचे पूर्ण वर्णन लिहायचे, तर दृश्य विश्वात जेवढे अणू आहेत त्याहून जास्त संख्या लागतील.

म्हणजे तो सगळी उत्तरे एकदम तपासतो?

हा सर्वांत मोठा गैरसमज. क्यूबिट मोजले की हाती एकच उत्तर येते, तेही नशिबाने. खरी करामत वेगळी आहे. तळ्यात दोन दगड टाकले की काही ठिकाणी लाटा एकमेकींना उचलून धरतात, तर काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. क्वांटम आज्ञावलीत गणिताची मांडणी अशी करतात, की चुकीच्या उत्तरांच्या ‘लाटा’ पुसल्या जाव्यात आणि बरोबर उत्तराची लाट उंच व्हावी. अशी मांडणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. रेणूंचे वर्तन समजून घेणे हा त्यातला एक; नवी औषधे आणि बॅटऱ्यांच्या संशोधनाला त्याचा उपयोग होऊ शकतो. व्हिडीओ पाहायला किंवा हिशेब ठेवायला मात्र हे यंत्र कामाचे नाही.

मग कुलपाचा प्रश्न कुठून आला?

६१ आणि ५३ चा गुणाकार ३२३३, हे कागदावर मिनिटात निघते. पण फक्त ३२३३ देऊन मूळ दोन संख्या विचारल्या, तर बराच वेळ जातो. संख्या सहाशे अंकांची असेल तर आजचे महासंगणकही हात टेकतात. ‘आरएसए’ हे इंटरनेटवरचे जुने, सर्वत्र वापरले जाणारे कुलूप याच अडचणीवर उभे आहे. १९९४ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे कोडे झटपट सोडवू शकेल.

तसे यंत्र आज आहे का?

नाही. क्यूबिट फार नाजूक असतात. अनेक यंत्रांत ते शून्याखाली सुमारे २७३ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात, तरी चुका होतातच. गुगलच्या २०१९ मधल्या ‘सिकामोर’ यंत्रात ५३ क्यूबिट होते, २०२४ मधल्या ‘विलो’मध्ये १०५. आरएसए फोडायला असे दोन कोटी क्यूबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. २०२५ मध्ये त्याच संशोधकाने तो दहा लाखांच्या खाली आणला. यंत्र वाढते आहे आणि गरज घटते आहे; काळजी करायला हवी ती याचीच.

धोका आजचा कसा?

आज चोरलेली कुलूपबंद माहिती साठवून ठेवता येते आणि किल्ली सापडली की उघडता येते. पासवर्ड बदलता येतो; बोटांचे ठसे, आजारांचा इतिहास किंवा लष्करी नकाशे बदलता येत नाहीत. जी माहिती वीस वर्षे गुप्त राहायला हवी, तिच्यासाठी पंधरा वर्षांनी येणारे यंत्रही उशिरा आलेले नसते.

दिलासा असा, की नवी कुलपे तयार आहेत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही अवघड जातील अशी तीन मानके जाहीर केली. ती नेहमीच्याच संगणकांवर चालतात. सिग्नल आणि आयमेसेज या संदेश सेवांनी तर त्याआधीच अशी कुलपे बसवायला सुरुवात केली होती.

भारताने काय करावे?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६ हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. ५० ते १००० क्यूबिटची यंत्रे हे तिचे एक उद्दिष्ट. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ‘डीआरडीओ’ची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. हे काम मोलाचेच आहे. पण यंत्र बनवण्याची शर्यत आणि कुलपे बदलण्याचे काम या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मागे पडलो तरी दुसरे काम आपल्याच हातात आहे.

ते चकचकीत नाही. कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या एटीएममध्ये, कोणत्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुठले कुलूप आहे, याची प्रत्येक बँकेने आणि सरकारी खात्याने आधी यादी करायची. मग दीर्घकाळ जपायच्या माहितीपासून बदलाला सुरुवात करायची, आणि नव्या खरेदीच्या निविदेतच नव्या मानकांची अट घालायची. याला वर्षे लागतात, म्हणूनच ते आज सुरू व्हायला हवे. चोर दारात आल्यावर लोहाराला बोलावून उपयोग नसतो.