मागच्या गल्लीतलं जेवण

लातूर, बीड, परभणीकडची आपली कितीतरी मुलं आज चाकणच्या कारखान्यांत आहेत. रात्री फोनवर अम्मी विचारते, "जेवलास का?" मुलगा "हो" म्हणतो आणि विषय संपतो. काय जेवला, कुठे, किती वाजता, हे विचारायचं राहून जातं. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला भेटायला आम्ही दोन दिवस तिकडे गेलो आणि ठरवलं, मॉलमध्ये जायचं नाही. तो जिथे जेवतो तिथेच जेवायचं.

कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला, ही चाकणची जुनी ओळख. मग मोटारींचे कारखाने आले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला आली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांत कामगारांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. गावांची नावं मराठी, पण गल्लीत शिरलं की कानावर भोजपुरी, ओडिया, बंगाली पडते. आपल्याच महाराष्ट्रात आम्ही मुसाफिर झालो होतो!

मोठ्या रस्त्यावर चकचकीत पाट्यांची हॉटेलं आहेत. पोटाची खरी सोय मात्र मागे. एकीकडे निखाऱ्यावर लिट्टी भाजली जाते, पलीकडे मच्छी-भात, पहाटे सायकलवर इडली, आणि एका दारावर खडूने लिहिलेलं, 'भाकरी मिळेल'. इथलं घड्याळ पाळीचं असतं. पाळी सुटली की अर्ध्या तासात पातेली रिकामी होतात. नव्या माणसाने त्याच वेळी जावं, अन्न ताजं मिळतं. उशिरा गेलात तर सकाळचीच भाजी पुन्हा गरम होऊन येते.

एका बिर्याणीच्या दुकानात आम्ही मालकाला विचारलं, "भाईसाहब, मुर्गी कहाँ से लाते हैं?" भाचा कानात पुटपुटला, "खाला, असं विचारू नका ना, बरं दिसत नाही." मालकाला काहीच वाटलं नाही. त्याने समोरचं दुकान दाखवलं, कापणाऱ्याचं नावही सांगितलं. नरमाईने विचारलेल्या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. खाऊन झाल्यावर मनात शंका घेऊन उठणं मात्र वाईट. उत्तर गोलमाल आलं तर डाळ-भात मागवावा. पाटीवर ७८६ आहे एवढ्यावर समाधान मानू नये, आणि पाटी नाही म्हणून उठूनही जाऊ नये.

या गल्ल्यांत बायका जेवायला बसलेल्या दिसत नाहीत. आम्ही आत गेलो तेव्हा सगळ्या माना वळल्या. 'भाकरी मिळेल'वाल्या मावशींनी लगेच एक बाकडं भिंतीकडे वळवून दिलं. मेस त्यांचीच, आणि भाचा तिथलाच गिऱ्हाईक. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ताई, पोरगा महिन्याचे पैसे भरतो, पण येतो पंधरा दिवस."

भाचा खाली बघत राहिला. मग हळूहळू कळलं. रात्रपाळी करून सकाळी येतो, चहा-क्रीमरोल खातो आणि झोपतो. उठेपर्यंत मेस बंद. मग कंपनीच्या कँटीनमधलं एक जेवण, तेवढंच. तीन महिने असंच चाललेलं आणि फोनवर रोज "हो". मावशींनीच तोड काढली: रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळीच डबा भरून ठेवायचा, झोपण्यापूर्वी त्याने घेऊन जायचा. आम्ही त्यांचा नंबर घेतला आणि बहिणीला दिला. आता ती आठवड्यातून एकदा मावशींनाच फोन करते.

दुसऱ्या दिवशी पिंपरी कॅम्पात गेलो. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या लोकांची ही वस्ती. शगुन चौकाजवळच्या गल्लीत सकाळी डाळ-पकवान मिळतं: मैद्याची जिरं घातलेली कडक तळलेली पुरी, वर हरभऱ्याची डाळ, चटणी, कांदा. हलालचा प्रश्नच नाही. सूरह कुरैश फक्त चार आयतींची, पण तीत प्रवास, भुकेल्याला मिळालेलं अन्न आणि भीतीपासून मिळालेली सुरक्षितता, तिन्ही एकत्र येतात. घरदार सोडून आलेल्यांच्या हातचं खाताना ती आठवली.

भाच्याने दोन प्लेट संपवल्या. तिसरी बांधून घेतली, डाळ वेगळी, पकवान वेगळं, नाहीतर मऊ पडतं. खोलीतला ओडिशाचा मुलगा रात्रपाळी करून झोपला होता.