नवी रंगपेटी घ्यावी की घेऊ नये?



आपल्या वर्गात सध्या एकच वाद चालू आहे. नव्या कंपनीच्या रंगीत पेन्सिली चांगल्या की जुन्याच बऱ्या? अर्धा वर्ग म्हणतो, "नवीन लई भारी." अर्धा वर्ग म्हणतो, "नुसता डबा चकचकीत, आत काही नाही." मी या लेखात कोणत्याही कंपनीचे नाव लिहिणार नाही. कारण एका पेटीवरून कंपनीला नाव ठेवणे बरोबर नाही. पण मला माझे मत मांडायचे आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

माझ्या आईने हळद काढणीच्या मजुरीतून मला १२ रंगांची नवी पेटी आणली. मी हट्टच धरला होता. दुसऱ्याच दिवशी बैल रंगवताना तपकिरी पेन्सिलीचे टोक मोडले. टोक केले, पुन्हा मोडले. शार्पनरमध्येच तुकडा अडकला. तीन दिवसांत पेन्सिल बोटाएवढी झाली. आई म्हणाली, "माझी मजुरी पाण्यात घातलीस." मला रडू आले. मी तर पेन्सिल जपून वापरली होती. पण सांगून कोण ऐकतो?

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "वाद घालू नका. करून पाहा, मग बोला." म्हणून मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने ८ दिवस प्रयोग केला. त्याची जुनी पेटी, माझी नवी पेटी. वही एकच, चौकोन सारखे, आणि रोज दोन्ही पेट्या दोघांनीही वापरायच्या. किती वेळा टोक मोडले ते पाटीवर रेघा मारून मोजले.

जुन्या पेटीतल्या पेन्सिली ५ वेळा मोडल्या. नव्या पेटीतल्या ११ वेळा. तेव्हा मित्र लगेच म्हणाला, "बघ, हरलास!" पण आम्ही रेघा नीट पाहिल्या, तर ११ पैकी ७ वेळा दोनच पेन्सिली मोडल्या होत्या, तपकिरी आणि जांभळी. बाकीच्या १० पेन्सिली मिळून फक्त ४ वेळा मोडल्या. आणि रंगाचे म्हणाल तर नव्या पेटीतला लाल आणि पिवळा जुन्यापेक्षा गडद उठला.

मग त्या दोन पेन्सिलींत काय बिघडले होते? आम्ही मागच्या टोकाकडून पाहिले. बाकीच्यांचा रंगाचा गाभा बरोबर मधोमध होता, या दोघींचा एका बाजूला सरकलेला. गुरुजींनी सांगितले की लाकडाच्या दोन पट्ट्यांना खाचा पाडतात, खाचेत गाभा ठेवतात आणि वरून दुसरी पट्टी चिकटवतात. खाचा नीट जुळल्या नाहीत की गाभा कडेला जातो. मग टोक करताना एका बाजूने लाकूड जास्त आणि एका बाजूने कमी राहते, आणि टोक मोडते. साध्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते, ती भट्टीत भाजतात. रंगीत पेन्सिलीत रंगाची पूड, मेण आणि पांढरी माती असते, ती तशी भाजत नाहीत. म्हणून ती मुळातच नाजूक. खाली पडली तर बाहेरून काही दिसत नाही, पण आत गाभ्याचे तुकडे होतात.

हे कळल्यावर मी आईला पेन्सिल दाखवली. आई काही बोलली नाही, पण पेन्सिल उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

आता माझे मत सांगतो. नवीन आहे म्हणून घेऊ नये आणि नवीन आहे म्हणून टाकूही नये. आज ज्याला आपण जुने व खात्रीचे नाव म्हणतो, तेही कधी तरी नवेच होते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करायला सुरुवात केली, त्यातून कॅम्लिन कंपनी उभी राहिली. तेव्हा लोकांनी "नवीन आहे, नको" असेच म्हटले असते तर? पुढे २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा वाटा घेतला. म्हणजे नाव बदलते, मालक बदलतो. आपण वस्तू पाहावी.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. पेटी घेताना डब्यावरचे चित्र पाहू नका. डबा उघडून पेन्सिलींची मागची बाजू पाहा. गाभा मधोमध असेल तरच घ्या. आणि टोक मोडले की लगेच मुलाला रागावू नका. कधी चूक मुलाची असते, कधी पेन्सिलीची.

मित्रांनो, २४ रंगांसाठी घरी हट्ट करू नका. १२ पुरतात. पिवळ्यावर हलका निळा फिरवला की हळदीच्या पानाचा हिरवा होतो. पिवळ्यावर लाल दिला की पळसाच्या फुलाचा केशरी होतो. तपकिरीवर काळा घासला की आपली काळी माती होते. आपण सगळे नदी निळीच काढतो. पण पावसाळ्यात कयाधूला पूर आला की पाणी कोणत्या रंगाचे असते, ते आठवून पाहा. निळी पेन्सिल तिथे काय कामाची?

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरी पेटी येणे शक्य नाही, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. बोटाएवढ्या झालेल्या पेन्सिली फेकू नका. वर्गात एक डबा ठेवू, त्यात टाकू. त्यांना जुन्या पेनाचे टोपण लावले की हातात नीट बसतात. ज्याच्याकडे पेटी नाही त्यालाही चित्र काढता येईल. माझी तपकिरी पेन्सिल मी आजच त्यात टाकतो. थोडी मोडकी आहे, पण हळू हाताने चालवली तर बैल नक्की रंगेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी,
जि. प. प्राथमिक शाळा, गोरेगाव, जि. हिंगोली