खुर्चीवरचा स्वभाव

एकेकाळी दारात ‘चेतक’ उभी असली की घराची पत वाढायची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, लग्नाच्या बोलणीतसुद्धा तिचा विषय निघायचा. १९७२ साली आलेली ही स्कूटर म्हणजे राहुल बजाज यांचा अभिमान. पण अभिमान कधी कधी डोळ्यांवर येतो. १९८५ मध्ये हीरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल आली. लोकांची आवड हळूहळू पालटली, बजाजला मात्र स्कूटरवरून मन काढायला बराच वेळ लागला.

पुढे सूत्रं मुलाकडे, राजीव यांच्याकडे आली. त्यांचा स्वभाव निराळा. एकच काम करायचं, पण त्यात नाव काढायचं! २००१ मध्ये ‘पल्सर’ आली, तरुण पोरं वेडी झाली, कंपनीने पुन्हा उभारी धरली. मग २००९ मध्ये त्यांनी स्कूटर बंद करायचंच जाहीर केलं. वाईट वाटल्याचं वडिलांनी उघड बोलून दाखवलं, तरी निर्णय फिरला नाही.

आणि नेमक्या त्याच काळात बिनगिअरची स्कूटर आपल्या बायकांचे पाय बनत होती. मुलांना शाळेत सोडा, भाजी आणा, नोकरी गाठा. २००१ मध्येच आलेली होंडाची ‘अ‍ॅक्टिव्हा’ घरोघरी पोचली. ज्या हट्टाने पल्सर घडली, त्याच हट्टाने हे गिऱ्हाईक हातचं गेलं. २०१९ मध्ये बजाजने चेतक पुन्हा आणली, या वेळी विजेवरची. पण मधली दहा वर्षं गेली ती गेलीच.

कंपनी तीच, पैसाही होता. फरक पडला तो खुर्चीवरच्या माणसाच्या स्वभावाने.

त्यांना नावं ठेवण्याआधी मी स्वतःकडे पाहिलं. आमच्या माहुलच्या बचत गटात सुकी मासळी विकताना मोबाइलवर पैसे घ्यायचं एका सुनेने सुचवलं, तर मीच म्हटलं, “आपली वही बरी!” सुट्ट्या पैशांअभावी गिऱ्हाइकं परत जायला लागली, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. वही चुकीची नव्हती. तिच्यावरच गट उभा राहिला, म्हणून तर ती सोडवेना.

यशानेच माणूस हट्टी होतो. तेव्हा गटाची अध्यक्ष असो की घरातली सासू, “नको” म्हणण्याआधी एकदा विचारू या : अडचण नव्या वस्तूत आहे, की माझ्या स्वभावात?