चोर सोडून संन्याशाला फाशी

टास्क मॅनेजर उघडायचा, कधी न ऐकलेलं एखादं नाव दिसलं की "व्हायरस!" म्हणून ओरडायचं आणि एंड टास्क मारायचा, ही आपल्या हॉस्टेलची जुनी परंपरा आहे. परंपरेबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण आज मी बोलणार आहे. माझं मत सरळ आहे: अनोळखी म्हणजे धोकादायक नव्हे, आणि ओळखीचं म्हणजे सुरक्षित नव्हे. उद्या इंजिनिअर म्हणून मिरवणाऱ्या आपल्यालाच हा फरक कळत नसेल, तर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी कोणाकडे बघायचं?

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटवाली. 'प्रक्रिया' म्हटलं की मला केमिस्ट्रीच आठवते, त्यामुळे या लेखात प्रोसेसला प्रोसेसच म्हणते. मराठीच्या बाईंनी माफ करावं.

तर मित्र-मैत्रिणींनो, तुमचा लॅपटॉप नुसता चालू करून ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये मोजा. तुम्ही एकही प्रोग्रॅम उघडलेला नसतो, तरी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रोसेस मागे चालू असतात. यातल्या दहा-बाराच्या पलीकडे कोणाची नावं आपल्याला माहीत नसतात. म्हणजे अनोळखी असणं हाच गुन्हा मानला, तर अख्खी विंडोजच तुरुंगात टाकावी लागेल!

सगळ्यात बदनाम नाव म्हणजे एसव्हीसीहोस्ट. एकाच नावाच्या साठ-सत्तर प्रोसेस बघून कोणाचाही जीव दडपतो. पण त्यामागचं कारण अगदी साधं आहे. विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिसेस या डीएलएल फाइली असतात. डीएलएल स्वतःच्या पायावर चालू शकत नाही, तिला कोणीतरी यजमान लागतो, आणि एसव्हीसीहोस्ट हा तो यजमान. पूर्वी एका यजमानाकडे पाच-सहा सर्व्हिसेस एकत्र राहायच्या. २०१७ मधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशिनवर बहुतेक सर्व्हिसला स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं, म्हणजे एक कोसळली तरी बाकीच्या वाचतात. गर्दी वाढली ती म्हणून. व्हायरस वाढला म्हणून नाही.

घाबरून केलेल्या कारवाईचा इतिहास मोठा मजेदार आहे. २००१ मध्ये एक ईमेल जगभर फिरला: तुमच्या कॉम्प्युटरवर एसयूएलएफएनबीके नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि सगळ्या मित्रांना कळवा. लोकांनी शोधलं, फाइल खरोखर सापडली, आणि डिलीट झाली. सापडणारच होती, कारण ती विंडोज ९८ चीच होती, मोठी फाइलनावं परत आणण्यासाठी दिलेली! पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जेडीबीजीएमजीआर या फाइलीची पाळी आली. तीही मायक्रोसॉफ्टचीच, पण तिचं आयकॉन टेडी बेअरचं होतं आणि तेवढ्यावरून तिच्यावर संशय घेणं सोपं गेलं. "अँटिव्हायरसला हा सापडत नाही" असं ईमेलमध्ये लिहिलेलं होतं. अँटिव्हायरसला सापडत नाही कारण तो व्हायरसच नाही, हा विचार फार थोड्यांच्या डोक्यात आला.

यात फक्त सामान्य माणूसच फसतो असंही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधल्या खऱ्याखुऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवलं. मशिनं पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिली, नेटवर्क गेलं. यालाच आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. आमच्या विंगमधल्या एका मुलीचा लॅपटॉप सबमिशनच्या दोन दिवस आधी जाम स्लो झाला. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यात वर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल'. बाईसाहेबांनी त्यातला 'मालवेअर' तेवढा वाचला. गेटबाहेरच्या दुकानदाराने मान हलवून निदान केलं, "फॉरमॅट मारावा लागेल." मारला. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट गेला, बॅकअप नव्हताच. आणि ती प्रोसेस कोण होती? विंडोज डिफेंडर! म्हणजे वॉचमन रात्रीची फेरी मारत होता आणि आपण त्यालाच चोर समजून बडवला. डिफेंडर स्कॅन करताना प्रोसेसर खातो हे खरं, पण थोडं थांबलं असतं तर तो आपोआप शांत झाला असता.

मग ओळखायचं कसं? व्हायव्हात एक्स्टर्नल जसे एकावर एक प्रश्न विचारतात, तसे चार प्रश्न प्रोसेसला विचारावेत.

पहिला: राहतोस कुठे? प्रोसेसवर राइट क्लिक करून फाइलचं लोकेशन उघडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये राहतो, किंवा ३२ बिटवाला असेल तर सिसवाऊ६४ मध्ये. तोच जर टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये सापडला तर दाल में काला नाही, अख्खी डाळच काळी. स्पेलिंगही नीट वाचा. व्ही आणि सीची अदलाबदल, ओच्या जागी शून्य, स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय, ही सोंगं फार जुनी आहेत.

दुसरा: तुला आणलं कोणी? प्रत्येक प्रोसेसला एक पालक असतो. एसव्हीसीहोस्टचा पालक सर्व्हिसेस नावाची प्रोसेस. वर्डच्या फाइलीतून कमांड प्रॉम्प्ट जन्माला आला असेल, तर त्या घरात काहीतरी गडबड आहे. हे कुळ बघायला मार्क रसिनोविच यांचं प्रोसेस एक्सप्लोरर वापरा, मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतं.

तिसरा: सही कोणाची? बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासा. एक सांभाळा, विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच फाइलींची सही फाइलमध्ये नसते, वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅब दिसला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. प्रोसेस एक्सप्लोरर दोन्हीकडे बघतो.

चौथा: करतोस काय? कॅल्क्युलेटरला इंटरनेटवर अज्ञात पत्त्याशी सतत गप्पा मारायचं काय कारण? प्रत्येक बूटला आपोआप का सुरू होतो? लॅपटॉप रिकामा असताना पंखा का घरघरतो?

शंका उरलीच तर फाइलचा हॅश व्हायरसटोटलवर टाकून बघा. पन्नास-साठ इंजिनं एकदम मत देतात. पण सत्तरातल्या एकाच इंजिनाने बोंब मारली तर घाबरू नका. आपण स्वतः लिहिलेला सी प्रोग्रॅमसुद्धा कधीकधी असा लाल होतो. आणि तिथे खासगी फाइली अपलोड करू नका, त्या इतरांनाही मिळू शकतात.

आता हुशार वाचक म्हणतील, चारही उत्तरं बरोबर आली म्हणजे झालं? नाही ना! २००८ मधला कॉनफिकर वर्म खऱ्या एसव्हीसीहोस्टच्याच पोटात डीएलएल बनून बसायचा. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हर्सवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या सर्टिफिकेटने केलेल्या सह्या होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच साइटवरून, कंपनीच्याच सहीने आली आणि आत बॅकडोअर होता. सुमारे २२ लाख ७० हजार मशिनवर ती पोचली. म्हणून एका पुराव्यावर ना फाशी द्यायची, ना निर्दोष सोडायचं. चारही उत्तरं एकत्र ठेवायची आणि मग वजन कुठे पडतं ते बघायचं.

पण माझं खरं भांडण इथून पुढे आहे. टास्क मॅनेजरमधल्या नावाला घाबरणारे आपणच सीनियरने पेनड्राइव्हवर दिलेलं क्रॅक डोळे मिटून चालवतो. त्या क्रॅकसोबत एक टेक्स्ट फाइल असते, आणि तिच्यात पहिलीच सूचना: अँटिव्हायरस बंद करा. आपण बंद करतो! चोर स्वतः येऊन सांगतो, कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण कुत्रा बांधून चहाही विचारतो. का? तर सीनियर ओळखीचा आहे, तीन बॅचेसनी वापरलंय, कोणाला काही झालं नाही. काही झालं नाही की काही कळलं नाही? आजकालचा मालवेअर स्क्रीनवर कवट्या नाचवत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज गुपचूप उचलतो आणि निघून जातो. याच लॅपटॉपवरून बाबा फी भरतात, हे क्रॅक चालवताना आपल्याला आठवत नाही.

म्हणजे आपण संशय घेतो तो नाव अवघड म्हणून, आणि विश्वास ठेवतो तो माणूस आपला म्हणून. दोन्ही वेळा तपास शून्य. माझ्या मते रोगाचं मूळ हे आहे, व्हायरस नंतर येतो.

तपास करणारा माणूस काय करू शकतो याचं उदाहरण मार्च २०२४ चं आहे. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लिनक्सच्या एका टेस्ट मशिनवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि ती प्रोसेस विनाकारण प्रोसेसर खातेय, असं दिसलं. आपण काय केलं असतं? "चालतंय ना, सोड." त्याने ना प्रोसेस मारली, ना मशिन फॉरमॅट केलं. तो माग काढत गेला आणि एक्सझी नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेला बॅकडोअर त्याला सापडला. असंख्य सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच तो पकडला गेला, अर्ध्या सेकंदाच्या कुतूहलामुळे.

फर्स्ट इयरला आपल्याला वर्कशॉपमध्ये जॉब घासायला लावतात, तसं एक प्रॅक्टिकल यासाठीही असावं असं मला वाटतं. प्रत्येकाने आपल्या मशिनवरच्या दहा अनोळखी प्रोसेस निवडाव्यात आणि जर्नलमध्ये लिहावं: पत्ता, पालक, सही, वागणूक, निष्कर्ष. एका दुपारचं काम आहे, आणि हे जर्नल कॉपी करता येणार नाही, कारण प्रत्येकाचं मशिन वेगळं! कॉलेज हे कधी सुरू करेल तेव्हा करो, आपण आज रात्रीच दहा नावं काढू शकतो. त्याआधी बॅकअप तेवढा घ्या. तपास चुकला तरी प्रोजेक्ट वाचेल.