काठी पोरांच्या हातात द्या

कंडक्टर म्हटलं की आपल्याला आधी एसटीचा कंडक्टर आठवतो. त्याची दोरी ओढल्याशिवाय गाडी हलत नसे, पण गाडी चालवायचा मात्र दुसराच. मी लिहिते आहे ते पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कंडक्टरबद्दल, आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. विद्यापीठातला जो वाद्यवृंद स्वतःला 'विद्यार्थ्यांनी चालवलेला' म्हणवतो, त्याचा कंडक्टरही विद्यार्थीच असला पाहिजे. पगारी, अनुभवी, पिकल्या केसांचा गृहस्थ नव्हे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे पटणार नाही, कारण तुम्ही आता अशा वाद्यवृंदांचे श्रोते आहात, देणगीदार आहात आणि मुख्य म्हणजे आईवडील आहात.

उदाहरण हार्वर्डचं घेते, कारण तिथे दोन्ही नमुने एकाच आवारात सापडतात. पहिला नमुना हार्वर्ड-रॅडक्लिफ ऑर्केस्ट्राचा. त्याची वंशावळ १८०८ साली विद्यार्थ्यांनी काढलेल्या 'पायरियन सोडॅलिटी' या मंडळापर्यंत जाते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा जन्म १८४२चा, म्हणून अमेरिकेतला सर्वांत जुना वाद्यवृंद आमचाच, असा हार्वर्डवाल्यांचा दावा. (सुरुवातीला तो वाद्यवृंद कमी आणि रात्री लोकांच्या खिडक्यांखाली बासऱ्या वाजवत फिरणारा कंपू जास्त होता. पण जुनेपणाच्या दाव्यावरून निदान आपण पुणेकरांनी कुणाला हसू नये.) १८३२च्या सुमारास हे मंडळ इतकं रोडावलं, की हेन्री गॅसेट नावाचा एकच सभासद उरला. तो एकटाच रीतसर सभा भरवी, एकटाच बासरी वाजवी. पुढे त्याने दुसऱ्या एकाला गळाला लावलं आणि मंडळ तगलं. ते तगवलं एका विद्यार्थ्याने, कुणा नेमलेल्या प्राध्यापकाने नाही.

१९४२मध्ये, युद्धामुळे मुलगे कमी पडू लागले तेव्हा, रॅडक्लिफच्या मुलींचा वाद्यवृंद त्यात विलीन झाला. १९६४ साली जेम्स यान्नाटोस कंडक्टर म्हणून आले आणि २००९पर्यंत राहिले. पंचेचाळीस वर्षं! आपल्या एखाद्या मंडळात अध्यक्ष पंचेचाळीस वर्षं खुर्चीवर बसला असता, तर आपण तीन नवी मंडळं काढली असती. त्यांच्यानंतर फेदेरिको कोर्तेसे आले, ते इटलीचे. दोघेही जाणकार. यान्नाटोस यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या, हे मी नाकारत नाही. पण कारभाराची वाटणी बघा. सँडर्स थिएटरचं आरक्षण, तिकिटं, जाहिराती, दौऱ्याचे हिशेब, पैसे गोळा करणं, ही कामं मुलांची. सुरावट कुठे थांबवायची, कुठे धावू द्यायची, अवघड प्रवेशाला कुणाकडे बघायचं, हे मात्र नेमलेल्या माणसाचं. सतरंज्या घालायला पोरं आणि गायला बुवा, हा प्रकार आपल्याला परका नाही. त्याला 'विद्यार्थ्यांनी चालवलेला' म्हणायला माझी हरकत आहे.

दुसरा नमुना बाख सोसायटी ऑर्केस्ट्राचा. हा १९५४चा आणि आकाराने लहान. याचा कंडक्टरही विद्यार्थीच असतो, पदवी घेऊन गेला की दुसरा येतो. या यादीत जॉन अ‍ॅडम्स आहे, ज्याने पुढे 'निक्सन इन चायना' हा ऑपेरा लिहिला. अ‍ॅलन गिल्बर्ट आहे, जो २००९ ते २०१७ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत संचालक होता. ही दोन नावं ऐकल्यावर तुमचा चेहरा उजळला असेल, पण तिथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे. असे वाद्यवृंद गिल्बर्ट तयार करतात म्हणून चांगले, हा युक्तिवाद मी करणार नाही. गिल्बर्टचे आईवडील दोघेही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवत होते, तो कदाचित कुठूनही तिथे पोहोचला असता. माझा जीव आहे तो त्या यादीतल्या इतरांवर, ज्यांची नावं तुम्ही आणि मी कधीच ऐकलेली नाहीत.

कारण त्या जागेवर काय शिकायला मिळतं ते बघा. कंडक्टर हा मंचावरचा एकमेव माणूस, ज्याच्या हातून एकही सूर निघत नाही. समोर चाळीस जण, सगळे त्याच्याच वयाचे, एकाच खाणावळीत जेवणारे. काल केमिस्ट्रीच्या पेपरात त्याची काय दैना झाली हे त्यांना ठाऊक असतं. वयाचा, पदवीचा, पगाराचा धाक नाही. ओबोवाल्याने सूर दिला, सगळ्यांनी वाद्यं लावली, आणि आता या पोराने हात वर करायचा. हायडनच्या सिंफनीची पहिली चार मापं वाजतात आणि व्हायोलिनवाले पुढे पळतात. थांबवायचं का? थांबवून काय सांगायचं? 'घाई करू नका' हे निरुपयोगी. गज आत्ता वर न्या, टोकाजवळ वाजवा, मागच्या बासकडे कान द्या, असं नेमकं सांगावं लागतं. चुकीचं सांगितलं तर ते लगेच ऐकू येतं, आणि दुसरी ओळ नजरेनेच हसते. दुसरा फ्रेंच हॉर्न परीक्षा आहे म्हणून आलेलाच नसतो. तालमीचे चाळीस मिनिटं उरलेली असतात. एकोणिसाव्या वर्षी हे ज्याने निभावलं, त्याला पुढे लोकांसमोर बरोबर असण्याची आणि चूक असण्याचीही सवय होते. हे शेवटच्या बाकावर बसून, मोठ्या कंडक्टरचं बघून शिकता येत नाही.

आता तुमचा आक्षेप: दर्जाचं काय? माहलर कोण वाजवणार? खरं आहे, विद्यार्थी कंडक्टरच्या हाती माहलरची सिंफनी बहुधा कोसळेल. मग हायडन वाजवा, मोझार्ट वाजवा, सुरुवातीचा बेथोव्हेन वाजवा. चांगला माहलर ऐकायला बॉस्टन सिंफनी नदीपलीकडेच आहे. आणि वादकांनी आपला कंडक्टर आपण ठरवणं हा पोरकटपणाही नव्हे. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख मतदानाने निवडतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकला तर १९३३पासून कायमचा कंडक्टरच नाही, वादक ज्याला बोलावतील तो येतो. जगातले सर्वोत्तम वादक ज्याला आपला हक्क मानतात, तो विशीतल्या पोरांना परवडणार नाही असं आपण कशावरून ठरवलं?

व्हिएन्नावरून आपल्या मुंबईच्या पोराची आठवण येते. झुबिन मेहता तिथे शिकत होता. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता, म्हणजे संगीत घरातच. १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा वीस वर्षांच्या झुबिनने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन कार्यक्रम केला. लिव्हरपूलची स्पर्धा त्याने १९५८मध्ये जिंकली, म्हणजे मान्यता नंतर आली. आधी कुणीतरी त्याला 'तू अजून शिकतो आहेस, मोठा माणूस आणू या' म्हटलं असतं, तर त्या छावणीत त्या दिवशी काहीच वाजलं नसतं.

आणि हे मी तुम्हाला सांगावं, ही खरी गंमत. तुमच्यातले निम्मे पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकाच्या तालमींत वाढलेले. एकांकिका बसवणारा तुमच्याच वर्गातला होता, रात्री अकराला कॉलेजच्या वऱ्हांड्यात तो तुमच्यावर ओरडत होता, आणि तुम्ही ते ऐकून घेत होता. तेव्हा तुम्ही व्यावसायिक दिग्दर्शक मागितला होता का? तीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, आपल्या लेकीबाबत मात्र तुमचा हिशेब बदलतो. सहाव्या वर्षी सुझुकीचे वर्ग, दर शनिवारी युथ ऑर्केस्ट्राला पन्नास मैल गाडी, व्हायोलिनच्या पहिल्या रांगेसाठी जिवाचा आटापिटा. प्रवेश मिळाला की व्हायोलिन पलंगाखाली. मुलीने 'मी कंडक्टरच्या ऑडिशनला उभी राहते' म्हटलं, तर 'वर्ष वाया जाईल, एमकॅटचं काय?' पहिल्या रांगेत तुम्हाला चालते, रांगेसमोर उभी राहिलेली चालत नाही. हुकूम पाळण्यातली गुणवत्ता आपल्याला कळते, हुकूम देण्यातली जोखीम नको असते.

मी पोस्टडॉक आहे. माझ्या क्षेत्रात स्वतःचं पहिलं मोठं अनुदान मिळेपर्यंत माणसाने चाळिशी ओलांडलेली असते, तोवर दुसऱ्याच्या काठीवर वाजवायचं. काठी उशिरा हाती आलेली माणसं मी रोज बघते. काही ती सोडतच नाहीत, आणि काहींना ती उचलायचीच भीती वाटते.

म्हणून एवढंच करा. पुढच्या वेळी मुलांच्या विद्यापीठातून देणगीसाठी फोन आला, की विचारा, कंडक्टर कोण आहे? विद्यार्थी असेल तर पैसे द्या आणि कार्यक्रमालाही जा. तिसऱ्या भागात गडबड होईल, हॉर्न चुकेल, दोन ठिकाणी सगळे वेगवेगळे संपतील. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी 'कंडक्टर कोणाची मुलगी आहे?' असं विचारलं, तर सांगा.