निर्विकार चेहऱ्यांची व्यथा

आम्हा बालरोगतज्ज्ञांना विद्यार्थिदशेतच एक गोष्ट बजावलेली असते. टाहो फोडणाऱ्या मुलाची फार चिंता करू नका. आईच्या खांद्यावर निपचित पडलेल्या मुलाकडे आधी धाव घ्या. जो रडत नाही, तोच बहुधा अधिक आजारी असतो. एका फ्रेंच चित्रपटाविषयी लिहिताना हे सूत्र मला वारंवार आठवते. त्याचे कारण पुढे येईलच.

रॉबेर ब्रेसाँ (१९०१-१९९९) या दिग्दर्शकाचा ‘लान्सलो द्यु लाक’ हा चित्रपट १९७४ साली प्रदर्शित झाला. सुमारे वीस वर्षे ब्रेसाँ यांनी तो मनात बाळगला होता. राजा आर्थर, राणी ग्विनिव्हर आणि सरदार लॅन्सेलॉट यांची मध्ययुगीन दंतकथा हा त्याचा आधार. मात्र जादूगार मर्लिन, सरोवरातील परी, झगमगते राजवाडे यांपैकी काहीही येथे नाही. ‘ग्रेल’ या पवित्र पात्राच्या शोधात गेलेले सरदार रिकाम्या हातांनी, निम्म्याहून अधिक सोबती गमावून परततात, तेथून कथा सुरू होते. ध्येय हरपलेली ही माणसे मग एकमेकांवरच उलटतात. राणीवरील निषिद्ध प्रेम संपविण्याची शपथ लॅन्सेलॉटने परमेश्वरापुढे घेतली आहे. राणीने आपल्याला प्रेमाच्या वचनातून मोकळे करावे, अशी त्याची याचना आहे. राणी मात्र ठामपणे बजावते, की परमेश्वर ही जिंकून घरी आणण्याची वस्तू नव्हे.

या चित्रपटावर नेहमीचा आक्षेप असा, की तो कोरडा आहे. पात्रे सपाट स्वरात बोलतात, चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. हे खरे आहे आणि ते हेतुपुरस्सर आहे. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेत नसत. निवडलेल्या माणसांना ते ‘मॉडेल’ म्हणत. लॅन्सेलॉटची भूमिका ल्यूक सिमाँ या चित्रकाराने केली आहे. संवादांतला अभिनय गळून पडेपर्यंत ते त्यांची पुनरावृत्ती करवून घेत. भावना दाखविल्या, की प्रेक्षक त्या नुसत्या पाहतो. दाखविल्या नाहीत, तर त्याला त्या शोधाव्या लागतात, असा या पद्धतीमागचा विचार मला दिसतो.

आणि शोधायचे ते प्रामुख्याने कानांनी. चिलखतांचा खणखणाट, घोड्यांच्या टापा, त्यांचे खिंकाळणे ही या चित्रपटाची खरी भाषा आहे. भाल्यांच्या स्पर्धेचा प्रसंग पाहावा. कॅमेरा घोड्यांच्या पायांवर, रोखलेल्या भाल्यांवर, फडकणाऱ्या निशाणांवर खिळलेला. लॅन्सेलॉटचा चेहरा शिरस्त्राणाआड दडलेला. तरीही स्वार कोण, हे त्याचा मित्र गवेन ओळखतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित गायकीवर जीव टाकणाऱ्या आम्हा इंदूरकरांना तरी संयमाची ही गोडी परकी वाटू नये. आपल्याकडे कुमार शहानी यांनी पुण्याच्या संस्थेतून चित्रपटाचे शिक्षण घेतल्यावर फ्रान्समध्ये ब्रेसाँ यांच्याच हाताखाली उमेदवारी केली होती.

आता माझ्या व्यवसायाच्या प्रारंभीच्या दिवसांतील एक रात्र सांगतो. एका बाळाचे नातलग आरडाओरडा करीत होते. शेजारी एक तरुण आई बाळाला कुशीत घेऊन उभी होती. ती एकसुरी आवाजात, चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता एवढेच म्हणाली, “कालपासून दूध ओढत नाही.” मी आधी गोंगाटाकडे वळलो. तिच्या बाळाला मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग होता. बाळ वाचले, परंतु त्याची श्रवणशक्ती गेली. तो अर्धा-पाऊण तास निर्णायक होता की नव्हता, हे आज कोणी सांगू शकणार नाही. त्या आईला मी ऐकले नाही, एवढे मात्र मला निश्चित ठाऊक आहे. व्याधीचे सूत्र मला पाठ होते. ते आई-वडिलांनाही लागू पडते, हे मात्र मला कोणी शिकविले नव्हते.

कित्येक वर्षांनी हा चित्रपट पाहिला, तेव्हा त्या निर्विकार चेहऱ्यांत मला ती आई दिसली. ब्रेसाँ यांची माणसे भावनाशून्य नाहीत. त्यांचे दुःख स्वरात मावत नाही, इतकेच. कोरडेपणाचा आक्षेप घेणारा रसिक तीच चूक करतो, जी मी त्या रात्री केली.

चित्रपटाच्या अखेरीस अरण्यात चिलखतधारी प्रेतांचा ढीग पडलेला असतो. राणीचे नाव उच्चारून लॅन्सेलॉट त्यावर कोसळतो. ज्या चिलखतांनी रक्षण करायचे, त्यांचे शेवटी भंगार होते. व्यवसायबंधूंनो, अलिप्ततेचे चिलखत आपणही चढवतो. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण तपासायचे, तर त्यावाचून निभावही लागत नाही. पण त्याच्या खणखणाटात समोरचा हलका आवाज बुडत नाही ना, हे आपले आपणच तपासले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाच्या एखाद्या मासिक सभेत औषधांवरील व्याख्यानाऐवजी हा चित्रपट दाखवावा. जेमतेम दीड तासाचा आहे. प्रारंभी काहींना कंटाळा येईल, येऊ द्यावा. तो ओसरला, की कान उघडतात.