रेवडीची कुस्ती



कामथडीची बैठक संपली तेव्हा दिवस मावळायला तासभर होता. ज्वारीचा भाव, कापसाची खरेदी, थकलेले पीककर्ज. बोलून बोलून सगळ्यांची तोंडे कडू झाली होती. चहा होईपर्यंत तालमीच्या गोष्टी निघाल्या. वेल्ह्याकडचा एक भातवाला आणि परभणीकडून आलेला एक कापूसवाला, दोघेही पन्नाशी ओलांडलेले. बघता बघता सदरे उतरले आणि दोघे शेजारच्या नांगरलेल्या तांबूस रानात उतरले. शड्डू ठोकले, खडाखडी झाली. कापूसवाल्याने ढाक लावली, भातवाला खाली आला. पाठ लागली की नाही, यावर बैठकीत झाला नव्हता एवढा वाद झाला. दोघे मात्र मातीत बसून पोट धरून हसत होते.

आम्ही विचारले, शेवटची कुस्ती कधी खेळलात? दोघांचेही उत्तर एकच: लग्नाआधी.

असे का व्हावे? आपण कुस्तीला दोनच वाटा ठेवल्या, पदकाची नाहीतर दमदाटीची. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, २०२३ पासून मुलींचीही आहे; जिच्यात धमक आहे तिने जरूर खेळावे. पण गदा एकालाच मिळते. बाकीच्यांच्या दूध-तूप-बदामाचा खर्च कोरडवाहू बापाच्या ज्वारीतून निघत नाही, हा हिशेब तुम्हाला आम्ही शिकवायला नको. मग पोरगा पंचविशीत गावी परततो. हाताला काम नाही, अंगात ताकद आहे. त्याला निवडणुकीत गाडीवर घेतात, वसुलीला घेतात. सावकाराच्या जीपमध्ये मागे बसलेला पैलवान आपल्यापैकीच कुणाच्या तरी घरचा असतो.

जत्रेच्या फडात सुरुवात कुठून होते ते आठवा. हलगी वाजते आणि आधी रेवडीच्या कुस्त्या लागतात. नाकातला शेंबूड न पुसलेली पोरे भिडतात, हरला त्याच्याही हातात रेवड्या पडतात. इनामाच्या कुस्त्या त्यानंतर. आपण मोठे झालो आणि रेवडीची कुस्ती तेवढी सोडून दिली.

जपानात जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली ज्यूडोची शाळा काढली. जुन्या विद्येतले घातक डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाजूला काढले, म्हणून तिथे पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणीही कुणाशी भिडू शकतो. आपल्याला एवढे लांब जायचे कारण नाही. मान पिळायची नाही, बोटे मुरगाळायची नाहीत, जोडीदाराने थाप मारली की पकड सोडायची, आणि कडेला एक जाणता वस्ताद उभा हवा. एवढे पाळले तर घरी जाऊन दुसऱ्या दिवशी कोळपणी करता येते.

मातीबद्दल मात्र शेतकी शिकलेल्या माणसाचे ऐका. कपाशीच्या काळ्या रानात हौदा करू नका. ती भिजली की चिकटते, वाळली की तिचे ढेकूळ होते, आणि ढेकळावर पाठ आपटली की हौस फिटते. तांबडी माती आणा, चाळून घ्या. ताक, तेल, हळद, लिंबू घाला. कापूर परवडला तर घाला. खेळण्याआधी रोज फावड्याने खालीवर करा. त्यातच निम्मा व्यायाम होतो. ट्रॉलीभर मातीला जो खर्च येईल तो गावाने वाटून घ्यावा. कुलूप लावून खताच्या गोण्या ठेवलेली तालीम गावात असेल, तर आधी त्या गोण्या हलवा.

कुणी म्हणेल, भावाचा प्रश्न सुटला नाही आणि हे कुस्त्या काय खेळतात! भावाचा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. पण त्या संध्याकाळी निघताना जो तो दुसऱ्याला गावी यायचे आवतण देत होता, असे आमच्या बैठकीत फार दिवसांनी घडले.

परभणीच्या पाहुण्यांचा गुडघा जरा धरला आहे. एसटीत चढताना त्यांनी विचारले, पुढची बैठक कुठे आणि माती कसली?